नाव ठेवणं, नावं ठेवणं : मॅक्रो नावाच्या लेखनप्रकाराविषयी

तुमच्या फोनच्या कीबोर्डात 'पर्सनल डिक्शनरी' नावाचा एक कोपरा असतो. तिथे 'घप' या दोन अक्षरांपुढे घरचा आख्खा पत्ता लिहून ठेवला, की पुढच्या वेळी नुसतं 'घप' टाइप करायचं. उरलेलं कीबोर्ड सुचवतो. हे ज्यांनी कधी केलंय त्यांनी मॅक्रो लिहिला आहे. आपण थोडक्यात लिहायचं आणि यंत्राने ते विस्तारून द्यायचं, एवढी व्याख्या इथे पुरेशी आहे. 'घप'च्या जागी पत्ता येतो तेव्हा कीबोर्डाला ते घर माहीत नसतं. पत्ता म्हणजे काय हेही माहीत नसतं. एका चिन्हमालेच्या जागी दुसरी चिन्हमाला येते, बस.

पुस्तकाची पानं लावताना हेच मोठ्या प्रमाणावर होतं. लेखकाकडून आलेली फाइल एडिटरमध्ये उघडली जाते, तिच्यावर वीस-पंचवीस छोट्या आज्ञा चालवल्या जातात आणि मग मजकूर पानावर बसतो. त्या आज्ञा कोणीतरी लिहिलेल्या असतात. आपण कादंबरीची समीक्षा करतो, अनुवादाची करतो, मुखपृष्ठाबद्दल चार ओळी लिहितो. फाइल आणि पान यांच्या मधल्या या लेखनाची समीक्षा माझ्या तरी वाचनात आलेली नाही. पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बारीक टायपात 'अक्षरजुळणी' असा शब्द आणि पुढे एक नाव असतं, तेवढंच.

मी हे काम हौसेने करतो. मित्रमैत्रिणींचे कवितासंग्रह, एखादा छोटा अंक, जुन्या पुस्तकांची नवी पानं. व्हिम या एडिटरमध्ये मजकूर साफ करायचा आणि झीटेक्‌मधून पानं काढायची. या लेखात मला मॅक्रो कसे लिहायचे ते शिकवायचं नाही. ते वाचायचे कसे, आणि त्यांतला चांगला कुठला, वाईट कुठला, हे कशावरून ठरवायचं, एवढंच बघायचं आहे.

बोटांची आठवण

सगळ्यात साधा मॅक्रो म्हणजे नोंदवलेला. व्हिममध्ये एक कळ दाबली की एडिटर तुमच्या बोटांकडे बघायला लागतो. ओळीच्या सुरुवातीला जा, आकडा खोडा, कंस घाला, पुढच्या ओळीवर या. पुन्हा कळ दाबली की नोंद संपली. आता हेच शंभर वेळा कर म्हटलं की तो करतो. ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरच्या तर नावातच मॅक्रो आहे. १९७६ साली एमआयटीच्या प्रयोगशाळेत तो आकाराला आला तो आधीच्या एका एडिटरसाठी लिहिलेल्या मॅक्रोंचा संच म्हणून.

नोंदवलेला मॅक्रो वाचायला गेलात तर काही कळत नाही. नुसत्या कळांची रांग असते. का केलं ते त्यात नसतं, काय केलं तेवढं असतं. पण त्याचा एक गुण आहे. तो काही समजल्याचा आव आणत नाही. एकशे एकाव्या ओळीचा घाट वेगळा असला की तो लगेच भलतंच काहीतरी करतो आणि ते डोळ्यांना दिसतं. त्यामुळे त्याची फार काळजी करायचं कारण नाही. काळजी करायची ती पुढच्या प्रकाराची, कारण तिथली चूक दिसत नाही.

मांडी आणि माडी

'शोधा आणि बदला' सगळ्यांना माहीत आहे. त्यातच नेमक्या शब्दाऐवजी शब्दाचा घाट सांगता येतो. 'शब्दाच्या शेवटी येणारा अनुस्वार', 'दोन दंडांमधली मोकळी जागा' असं. याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. अशा दहा-वीस ओळी एका फाइलमध्ये एकाखाली एक लिहिल्या की मजकूर साफ करणारी स्क्रिप्ट तयार होते.

आता एक खरं काम घेऊ. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत 'नांव', 'पांच', 'कांहीं', 'नाहीं', 'करावें', 'घरीं' असं छापलेलं असतं. समजा असं एखादं पुस्तक आजच्या वाचकांसाठी पुन्हा काढायचं आहे आणि कोणी म्हणालं, "अनुस्वार काढून टाका ना, एका मॅक्रोचं तर काम आहे."

पहिली ओळ सोपी: शब्दाच्या शेवटचा अनुस्वार काढ. 'नाहीं'चं 'नाही' होतं, 'करावें'चं 'करावे', 'घरीं'चं 'घरी'. सोबत 'स्वयं'चं 'स्वय' आणि 'अहं'चं 'अह' होतं, पण असे शब्द थोडे असतात, अपवादांत टाकता येतात. दुसरी ओळ: काना दिलेल्या अक्षरावरचा अनुस्वार काढ. 'नांव'चं 'नाव', 'गांव'चं 'गाव', 'कांच'चं 'काच'. आणि त्याच झटक्यात 'रांग'चा 'राग' होतो, 'सांग'चा 'साग' होतो, 'कांदा' 'कादा' होतो. आजोबा मांडी घालून बसलेले असतात ते माडी घालून बसतात.

हसू येतं, पण नीट बघा. 'कादा' सापडेल, कारण असा शब्द नाही. स्पेलचेकर त्याच्याखाली लाल रेघ ओढेल. 'राग', 'साग', 'माडी' सापडणार नाहीत. ते सगळे खरे शब्द आहेत. मॅक्रोची चूक जितकी शुद्ध दिसते तितकी ती धोक्याची.

हा झाला तांत्रिक भाग, यादी वाढवून तो सुटतो. खरी अडचण यादीने सुटणारी नाही. जुन्या लेखनातले अनुस्वार हौस म्हणून दिलेले नव्हते, त्यांत व्याकरण होतं. 'मी जातो' पण 'मीं केलें'. कर्ता तृतीयेत आहे हे त्या एका टिंबाने सांगितलं जायचं. 'ती गेली' म्हणजे एक बाई गेली, 'तीं गेलीं' म्हणजे मुलं गेली. आजच्या लेखनात दोन्ही 'ती गेली'च. नियम बदलताना आपण हे ठरवून सोडलं आणि त्यामागे कारणं होती. पण जुन्या पुस्तकातून ते आता काढणं म्हणजे लेखिकेने वाक्यात ठेवलेली एक खूण तिच्या पश्चात पुसणं आहे. संपादकाने विचार करून पुसली तर तो निर्णय असतो. त्यावर वाद घालता येतो, प्रस्तावनेत दोन ओळी लिहिता येतात. मॅक्रोने पुसली की तो निर्णय राहत नाही, 'साफसफाई' होते. साफसफाईवर कोणी वाद घालत नाही.

तोच मॅक्रो या लेखावर चालवून बघू. इथे मी 'केलं', 'असं', 'म्हटलं' लिहितोय, म्हणजे बोलताना जसं म्हणतो तसं. शेवटचे अनुस्वार उडाले की 'केल', 'अस', 'म्हटल' उरतं. ते निदान चुकलेलं दिसतं. पण 'मराठीचं' या शब्दाचं 'मराठीच' होतं, 'त्याचं'चं 'त्याच' होतं. 'मराठीचं काय होणार' हा प्रश्न आहे. 'मराठीच काय होणार' हा टोमणा आहे. आणि ज्या कामाविषयी हा लेख आहे तेही बघा. मूल जन्मलं की आपण त्याला नाव ठेवतो. ते मोठं झालं की लोक त्याला नावं ठेवतात. मध्ये फक्त एक टिंब आहे.

म्हणून बदल करणाऱ्या मॅक्रोकडे मी एकच प्रश्न घेऊन जातो: हा बदल वाचकाला दिसणार आहे का? दिसणार असेल, तर ते काम माणसाचं. व्हिममध्ये प्रत्येक ठिकाणी थांबून 'बदलू का?' असं विचारायला लावता येतं. दोनशे पानांच्या पुस्तकात हा प्रश्न हजारो वेळा येईल. येऊ दे. संपादन म्हणजे तेच.

आणि दिसणार नसेल, तर ते काम मॅक्रोचंच आहे आणि ते न करणं हा हलगर्जीपणा आहे. 'दऱ्या' आणि 'दर्‍या' हे दोन शब्द बघा. तुम्हाला एकच शब्द दोनदा दिसला असेल. आत दोन वेगळ्या चिन्हमाला आहेत. एकीत खाली टिंब असलेला 'ऱ' आहे, दुसरीत साधा 'र' आणि त्याच्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. 'ॲप'चंही तसंच. युनिकोडमध्ये 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आलं. त्याआधी, आणि पुष्कळदा नंतरही, 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवलं जात होतं. काही फोनवर 'ॲ' आणि 'अॅ' सारखे दिसतात, पण शोध घेणाऱ्या यंत्राला ते वेगळे असतात. एखाद्या ईबुकात तुम्ही 'दऱ्या' शोधलंत आणि 'सापडलं नाही' असं आलं, तर तो शब्द त्या पुस्तकात नाही असं समजू नका. दुसऱ्या वेषात असेल.

इथेही डोळे मिटून चालत नाही. 'सगळे रफार चंद्रकोरीत बदल' असं सांगितलं की आचार्यांना पाठवलेलं निमंत्रण आचाऱ्यांना जातं.

वेलांटीची उडी

मला आवडलेले मॅक्रो कुठले असं विचाराल तर मी जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये नेणारे सांगेन. मराठीसाठी याहून निकडीचं मॅक्रोलेखन दुसरं नसेल.

पार्श्वभूमी थोडक्यात. युनिकोड रुळायच्या आधी मराठी डीटीपी इंग्रजी अक्षरांच्या मुखवट्याआड चालायचं. फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हं असायची आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवायचा. अर्धा 'ण' एका कळेवर, काना दुसरीवर. फॉन्ट आहे तोवर सगळं ठीक. फॉन्ट नसलेल्या मशिनवर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा नुसता गाळ. काही दशकांची मासिकं, दिवाळी अंक, कथासंग्रह या गाळात आहेत. छापील प्रत हाताशी आहे, फाइलही आहे, आणि तरी ते लेखन तुमच्या फोनवर येऊ शकत नाही.

ते बाहेर काढणारा मॅक्रो वरवर सोपा वाटतो: या चिन्हाऐवजी हे अक्षर, अशी लांबलचक यादी. पण जुने फॉन्ट मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवायचे आणि युनिकोड तो उच्चाराच्या क्रमाने साठवतं. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते, म्हणून जुन्या फाइलमध्ये ती आधी असते. युनिकोडमध्ये 'क' आधी, वेलांटी नंतर. तेव्हा वेलांटीने उडी मारून मागे जायला हवं. किती? एक अक्षर मागे, असं लिहिलंत तर 'किती' बरोबर येईल आणि 'स्त्रिया'चं 'स्ित्रया' होईल. इंटरनेटवरच्या जुन्या मराठी पानांवर, रिकाम्या ठिपक्यांच्या वर्तुळासकट, हे रूप तुम्ही पाहिलं असेल. तो अशाच एका अर्धवट मॅक्रोचा ठसा आहे.

नीट उडी मारायची तर 'अक्षर' म्हणजे काय हे मॅक्रोला सांगावं लागतं. एक व्यंजन, किंवा पाय मोडलेली कितीही व्यंजनं आणि शेवटी एक अख्खं. वेलांटीने या सगळ्या गठ्ठ्यावरून उडी मारायची. रफाराचं उलट. तो अक्षराच्या डोक्यावर शेवटी बसतो पण उच्चारात सगळ्यांच्या आधी येतो. 'मार्गांनी' या शब्दात त्याला अनुस्वार, काना आणि 'ग' असं सगळं ओलांडून पुढे यावं लागतं. दोन ओळींच्या या मॅक्रोत देवनागरीच्या अक्षराची व्याख्या दडलेली असते. शाळेत बाराखडी गिरवताना हातांना जे कळलं होतं, ते इथे पहिल्यांदा शब्दांत मांडावं लागतं.

त्यातही माणसं लपलेली असतात. पान डोळ्यांना बरोबर दिसलं की डीटीपी करणाऱ्याचं काम झालेलं असायचं. त्यामुळे कोणी 'आ' थेट उमटवलेला असतो, कोणी 'अ'ला काना जोडलेला असतो. एकाच अंकातले दोन लेख दोन हातांनी टाइप झालेले असले की मॅक्रोला ते लगेच कळतं. अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव पानावर असो-नसो, त्याची लकब फाइलमध्ये राहते. असा मॅक्रो लिहिणारा माणूस त्या अनामिक टायपिस्टचा पहिला बारकाईने वाचणारा वाचक असतो.

नाव ठेवणं

आता तिसरा प्रकार: बदलणारा नव्हे, नाव देणारा मॅक्रो. इथे डोनाल्ड कनूथ यांच्याकडे जावं लागतं.

कनूथ हे स्टॅनफर्डचे संगणकशास्त्रज्ञ. त्यांच्या संगणक प्रोग्रॅमिंगवरच्या ग्रंथमालेचे पहिले खंड जुन्या धातूच्या टायपात जुळवलेले होते. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली ती फोटोटाइपसेटिंगची, आणि ती त्यांना बघवेनात. त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. काही महिन्यांत होईल वाटलेलं काम सुमारे दहा वर्षं चाललं. त्यातून टेक् आलं. उच्चार 'टेक्नॉलॉजी'तल्यासारखा नाही. शेवटचं अक्षर ग्रीक 'खी' आहे, घशातून काढायचं.

टेक्‌चं सगळं शरीर मॅक्रोंनी बनलेलं आहे. मूळच्या थोड्या आज्ञा आणि त्यांवर रचलेल्या नावांचे थरावर थर. १९८४ साली कनूथ यांनी त्याचं जे मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, 'द टेक्‌बुक', ते मी तंत्राचं पुस्तक म्हणून उघडलं आणि ललित पुस्तकासारखं वाचलं. त्यात टेक्‌ला डोळे, तोंड, घसा आणि पोट आहे. मजकूर घास घेतल्यासारखा आत जातो आणि मॅक्रो पोटात पोहोचण्याआधीच उलगडलेले असतात. अवघड परिच्छेदांच्या कडेला घाटरस्त्यावर असते तशी धोक्याच्या वळणाची पाटी आहे. एका परिशिष्टात निव्वळ आडवाटेच्या युक्त्या आहेत. आणि प्रस्तावनेतच ते सांगून टाकतात की हे पुस्तक प्रत्येक वेळी खरं बोलणार नाही: आधी सोपं खोटं सांगेल, ते पचलं की त्यातले अपवाद. शिकवण्याविषयी इतकं प्रामाणिक विधान मी फार थोड्या पाठ्यपुस्तकांत पाहिलंय.

दोष सांगायचा तर हा: पुस्तक विनोदी आहे, प्रेमळ आहे, पण त्याच्या जगात लिपी एकच आहे. रोमन. बाकीच्या लिपींची सोय नंतर बाहेरून जोडावी लागली. देवनागरीसाठी १९९१ साली फ्रान्स फेल्टहाउस या डच माणसाने जी व्यवस्था केली तीत मजकूर रोमनमध्ये टाइप करायचा आणि मधला एक प्रोग्रॅम त्याची देवनागरी करायचा. उपकार मोठेच, पण तोवर टेक्‌मध्ये मराठी लिहिणं म्हणजे मराठी न लिहिणं होतं. २००४ साली जोनाथन क्यू यांचं झीटेक् आलं, ते थेट युनिकोड वाचणारं. तेव्हापासून मजकूर तर देवनागरीत लिहिता येतोच, मॅक्रोचं नावही देवनागरीत ठेवता येतं. माझ्या फाइलींत '\कडवे', '\अर्पण', '\तळटीप' अशी नावं आहेत.

याचं महत्त्व नुसतं अस्मितेचं नाही. लेझ्ली लॅम्पोर्ट यांनी टेक्‌वर जो लाटेक् नावाचा मॅक्रोसंच रचला, त्याचा मंत्र असा की लेखकाने गोष्ट काय आहे ते सांगावं, ती कशी दिसावी ते मॅक्रोने बघावं. 'हा शब्द तिरका कर' असं म्हणू नका, 'या शब्दावर जोर आहे' असं म्हणा. विचार उत्तम आहे. पण लाटेक्‌ला 'जोर' म्हटलं की ते शब्द तिरका करतं. देवनागरीत तिरक्या अक्षरांची परंपरा नाही. शिरोरेषा आडवीच राहते आणि तिच्याखालचे दंड वाऱ्यावर झुकल्यासारखे दिसतात. मराठीत जोर द्यायचं काम मुळात 'च' करतो. 'तोच', 'आजच', 'तुलाच'. इंग्रजी लेखक जिथे अक्षर तिरकं करतो, तिथे मराठी लेखक एक अक्षर जास्त लिहितो. तेव्हा '\जोर' या मॅक्रोचा मराठी विस्तार काय असावा? ठळक? अवतरणचिन्हं? की मराठीत तो मॅक्रो फारसा लागूच नये, आणि लागला तर वाक्य पुन्हा लिहून बघावं? अनुवाद जुळवताना मी हा प्रश्न अनुवादकांना विचारतो. बहुतेक वेळा तिरका शब्द जातो आणि 'च' येतो. मॅक्रोचं नाव मराठीत ठेवलं नसतं तर हा प्रश्न पडलाच नसता.

आणि मंत्र कुठे तुटतो हेही सांगितलं पाहिजे. अरुण कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी'त (१९७६) शेवटाकडे जेजुरी आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधल्या वाटेवरची एक कविता आहे. शेतात कोंबड्या नाचताना दिसतात आणि पानावर शब्दच वरखाली उड्या मारायला लागतात. कोलटकर स्वतः जाहिरातक्षेत्रात नावाजलेले ग्राफिक डिझायनर होते. पान त्यांच्यासाठी कवितेचं भांडं नव्हतं, कवितेचाच भाग होतं. इथे '\कडवे' काय करणार? 'काय आहे' आणि 'कसं दिसतं' यांच्यात फट असेल तरच मॅक्रो तिच्यात शिरू शकतो. या कवितेत फट नाही. प्रत्येक शब्दाला हाताने उचलून जागेवर ठेवावं लागतं, खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरने ठेवलं असतं तसं. लाटेक्‌ची भक्तमंडळी अशा हातकामाला कमी लेखतात. मला वाटतं, मॅक्रो कुठे लिहायचा नाही हे कळणं हा मॅक्रो लिहिण्यातला अर्ध्याहून अधिक भाग आहे.

नावं ठेवणं

टेक्‌ची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ते तक्रार करतं. ओळी कशा तोडायच्या हे ते एकेका ओळीपुरतं ठरवत नाही, सगळा परिच्छेद एकदम बघतं. कनूथ आणि मायकल प्लास यांनी १९८१ साली ही पद्धत सविस्तर मांडली. शब्दांमधली जागा किती ताणली-आवळली यावरून प्रत्येक ओळीला एक आकडा मिळतो. त्या आकड्याचं नाव 'बॅडनेस', वाईटपणा. शून्य म्हणजे सुरेख, १०,००० म्हणजे याहून वाईट असू शकत नाही. ओळ फार विरळ पडली की टेक् तिचा क्रमांक आणि वाईटपणा नोंदवून ठेवतं.

मराठीत हे आकडे भरभर चढतात. आपली भाषा शब्दाला शेपट्या लावत जाते: 'विद्यापीठांमधल्यासारख्या', 'कार्यकर्त्यांबरोबरच्या'. असे दोन शब्द अरुंद रकान्यात शेजारी आले की ओळीत मोठी भगदाडं पडतात आणि खालच्या ओळींतली भगदाडं त्यांना मिळून पानात पांढरे ओढे वाहू लागतात. वर्तमानपत्रांत ते रोज दिसतात. तुमच्या फोनवर दिसत नाहीत, कारण तिथे बहुतेक मजकूर उजवीकडे सरळ बांधलेला नसतो, शब्द मावला नाही की खाली ढकलला जातो. मराठी शब्द कुठे तोडायचे याचे नमुने आता टेक्‌सोबत मिळतात. ते वापरले की ओढे बरेच आटतात, पण 'कार्यकर्त्यां' आणि 'बरोबरच्या' यांच्या मध्ये रेघ बघायची सवय मराठी वाचकाला फारशी नाही. एक वाईटपणा घालवायला दुसरा पत्करायचा, असा तो व्यवहार आहे.

तक्रारींचा कंटाळा आला तर लाटेक्‌मध्ये एक तयार आज्ञा आहे. ती दिली की ओळी कितीही विरळ होऊ द्यायची मुभा मिळते आणि तक्रारी कमी होतात. तिचं नाव आहे 'स्लॉपी'. म्हणजे गबाळा. ज्याने हे नाव ठेवलं त्याने वापरणाऱ्याला नावंही ठेवली. आज्ञा चालेल, पान निघेल, पण फाइलमध्ये तो शब्द कायमचा लिहिलेला राहील. पुढे कधी कोणी ती फाइल उघडली तर इथे गबाळेपणा केला हे त्याला कळेल. समीक्षेने याहून जास्त काय करायचं असतं?

मराठीत आज जुनी पुस्तकं नव्याने आणणारे पुष्कळ आहेत. विकिस्रोतावर स्कॅन बघून एकेक पान तपासणारे आहेत, ईबुकं करणारे आहेत, आपल्या आजीची वही टाइप करून ठेवणारेही आहेत. या सगळ्यांच्या लॅपटॉपवर 'साफ करायची' एखादी फाइल असते आणि काम झालं की ती हरवते. पुस्तक राहतं, पण त्याचं काय काय बदललं याची नोंद राहत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती फाइल पुस्तकासोबत ठेवावी, नावं मराठीत ठेवावीत, आणि प्रत्येक ओळीशेजारी साध्या भाषेत कारण लिहावं. 'शेवटचे अनुस्वार काढले, कारण प्रकाशकांनी सांगितलं.' 'पात्रांच्या संवादांतले अनुस्वार ठेवले.' 'पान ७२ वर हात लावू नये, कविता अशीच आहे.'

अशी एक फाइल कोणाकडे असेल तर मला ती पुस्तकाइतक्याच उत्सुकतेने वाचायला आवडेल. आणि मग तिला नावंही ठेवता येतील.